वाचक विचारतात : साहेबाची झोप झाली नाही की टीमला लगेच कळतं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की हाताखालची माणसं कशी सांभाळायची यावर प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून. जवळपास सगळ्यांनी सुरुवात दुसऱ्यांपासून केलीय, मजूर ऐकत नाहीत, शिक्षक मोकळं बोलत नाहीत, दिवाणजी जुन्या वळणाचे आहेत, आणि मग चार ओळी खाली आलं की झोप नाही, जेवणाचा टाइम नाही, छातीत धडधडतं, घरी कोणाशी बोलावं कळत नाही असं काहीतरी निघतंच. मला तर त्या खालच्या ओळीच जास्त महत्त्वाच्या वाटल्या, म्हणून उत्तरं पण तिथूनच दिलीयेत. नावं-गावं काढून टाकलीयेत.

प्रश्न : मी रावेर तालुक्यात केळीचं पॅकहाऊस सांभाळतो, एक्सपोर्टचा माल जातो. चाळीस-पन्नास माणसं आहेत, कटाईवाले वेगळे अन् धुण्या-पॅकिंगच्या बाया वेगळ्या. सीझनमध्ये कंटेनर रात्री भरून राहिलो, दोन-अडीच वाजतात, परत सकाळी सहाला बागेत कटाई सुरू करायला पाहिजे. आता असं झालंय की फणीवर एक डाग दिसला तरी मी सगळ्यांसमोर ओरडतो. परवा एका बाईच्या हातून क्रेट पडला तर मी इतकं बोललो की दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही अन् तिच्यासोबतच्या अजून तिघी गेल्या. मुकादम म्हणतो भाऊ तुम्ही पहिले असे नव्हते. रात्री पडलो की माले काहीच सुचत नही, नुसता छताकडे पाहत राहतो. स्वभाव बदलायचा कसा ते सांगा.

उत्तर : भाऊ, स्वभावाचं नंतर बघू, आधी झोपेचं बघू. अडीचला कंटेनर निघाला, घरी पोचून अंघोळ करून आडवं व्हायला तीन, आणि सहाच्या आत परत बागेत, म्हणजे हातात राहिले जेमतेम अडीच तास आणि त्यातले पण छताकडे बघण्यात गेले. एवढ्यावर कोणाचाही स्वभाव बिघडेल. मुकादम म्हणतो ना 'पहिले असे नव्हते', तो तुम्हाला रोज बघतो, त्याचं म्हणणं मनावर घ्या.

२०१५ मध्ये ख्रिस्तोफर बार्न्स या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सोबतच्यांनी एक अभ्यास छापला होता. टीमचे प्रमुख आणि त्यांच्या हाताखालची माणसं यांच्याकडून रोजच्या रोज माहिती घेतली, प्रमुखाची रात्र कशी गेली आणि दुसऱ्या दिवशी तो कसा वागला. ज्या रात्री साहेबाची झोप नीट लागली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणसांना जास्त टाकून बोलला, अपमान केला, आणि त्या दिवशी अख्ख्या टीमचं कामातलं मन कमी झालं. त्यांना असं दिसलं की तास किती यापेक्षा झोप कशी लागली याचा संबंध जास्त होता. तुम्ही पडून जागे राहता ते म्हणूनच मला जास्त काळजीचं वाटतं.

दुसरी गोष्ट, १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या एका प्रयोगात असं निघालं की माणूस सलग सतरा तास जागा राहिला तर त्याचं लक्ष आणि हाताची सफाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला तिथे पोचतो आणि तुम्ही त्याच्यापुढे अजून साडेतीन तास माल भरून घेता, माणसांना ऑर्डरी देता, कोणाचा रोज कापायचा ते ठरवता आणि मग बाईकवर घरी जाता.

आता तुमच्या लाईनवर काय होत असेल ते बघा. तुरटीच्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या बायांना तुम्ही बाईकवरून उतरता तेव्हाच समजतं आजचा दिवस कसा जाणार. मग डाग असलेली फणी कोणी वर काढून दाखवत नाही, ती बॉक्सच्या तळाला जाते, वर चांगली फणी येते. तो डाग तुमच्याकडे दिसायच्या ऐवजी आखातात बॉक्स उघडल्यावर दिसतो आणि नुकसान सगळ्या लॉटचं होतं. ओरडल्याने क्वालिटी सुधारते असं आपल्याकडे फार जण मानतात, माझं ठाम मत आहे की ओरडल्याने फक्त लपवणं सुधारतं.

करायचं काय तर रात्रीचं लोडिंग आणि सकाळची कटाई एकाच माणसाकडे ठेवू नका. मुकादम हुशार दिसतोय, आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्याकडे द्या आणि त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची सूट द्या. तुम्ही पगारी असाल तर मालकापाशी बसून सांगा की सीझनपुरता एक सुपरवायझर वाढवा, चार बाया गेल्याने झालेला खोळंबा त्याच्या पगारापेक्षा महाग पडतो हा हिशोब मालकाला लगेच पटेल. रात्री दहानंतर कोणाला कामावरून काढायचं नाही, कोणाचे पैसे कापायचे नाहीत, जे काय असेल ते सकाळी. लोडिंगच्या वेळी बाराला-एकला जो चहा होतो तो बंद करा, चहाचा असर पाच-सहा तास तरी अंगात राहतो. आणि त्या बाईच्या घरी मुकादमाला घेऊन जा, चूक झाली म्हणा. ती परत आली तर ज्या लाईनवर बोललात त्याच लाईनवर चार जणींसमोर परत म्हणा, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला होता.

बीपी-शुगर एकदा तपासून घ्याच. सीझन ओसरल्यावर पण दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल तर १४४१६ वर फोन करा, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही भाऊ, मोटर जळायला लागली की आपण वायरमनला बोलावतोच.

प्रश्न : वय २६, धुळ्यात सेल्सची टीम बघतो. मोठे लीडर सगळे पहाटे चारला उठतात असं प्रत्येक रीलमध्ये सांगतात. मी पण सुरू केलं पण दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या येतात. अजून किती दिवसांनी सवय होईल?

उत्तर : झोपता किती वाजता ते तुम्ही लिहिलंच नाही मित्रा, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्र बसून प्रौढ माणसांसाठी रोज सात किंवा जास्त तास झोप अशी शिफारस केली, म्हणजे चारला उठायचं तर नऊला झोपायला लागेल आणि सेल्सवाल्याला तर डीलरचे फोनच नऊनंतर येतात. काही माणसं मुळातच पहाटेची असतात, काही रात्रीची, त्यात कमीपणा काही नाही. सहाला उठा, साडेसहाला उठा, रोज एकाच टायमाला उठा आणि मीटिंगमध्ये जागे रहा, टीमला जागा माणूस पाहिजे.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या भागात जिल्हा परिषद शाळेवर मुख्याध्यापक आहे. आमचे शिक्षक चांगले आहेत पण मला काही सांगत नाहीत. पोषण आहाराच्या तांदळात फरक पडला ते मला तपासणीच्या दिवशी कळलं. दिवाळीनंतर पालक ऊसतोडीला, गुजरातला कामाला निघून जातात, पटावरची किती मुलं खरोखर गेली तेही नीट कळत नाही. वरून रात्री दहाला व्हॉट्सॲपवर 'तातडीने माहिती द्या' येतं. मी रागावतो हे मान्य आहे पण शाळेसाठीच रागावतो. बीपीची गोळी सुरू झालीय. टीमवर्क कसं वाढवावं?

उत्तर : सर, तुम्ही शाळेसाठीच रागावता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण समोरच्या शिक्षकाला तुमच्या रागामागचं कारण दिसत नाही, त्याला तुमचा चेहरा दिसतो.

एक उदाहरण देतो जे मला फार पटतं. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास करत होत्या, औषधं देण्यात किती चुका होतात ते बघायचं होतं. त्यांना वाटलेलं की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे आले तर उलटंच, चांगल्या टीममध्ये चुका जास्त. नीट खोदून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या वॉर्डात माणसं चूक झाली तर बोलत होती, लिहून ठेवत होती, आणि जिथे मुख्य नर्सचा धाक होता तिथे चुका होतच होत्या पण कागदावर येत नव्हत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर मांडणी केली, चूक सांगितली तर आपल्याला खाली दाखवणार नाहीत एवढा भरवसा टीममध्ये असला की ती टीम शिकते.

तुमच्या तांदळाचं हेच झालं. फरक एका दिवसात पडत नाही सर. कोणीतरी गोणी मोजताना पाहिलं असणार, रजिस्टरशी जुळत नाही हे लक्षात आलं असणार, आणि मग त्याने विचार केला असणार की आज सरांचा मूड नाही, उद्या सांगू. उद्या पण मूड नसेल. असं करत करत तपासणीचा दिवस आला.

तेव्हा उद्यापासून शिक्षकाने काही वाईट बातमी आणली की पहिलं वाक्य एकच ठेवा, "बरं झालं आत्ताच सांगितलं." आतून कितीही उकळत असलं तरी हेच, आणि दुसरं वाक्य "आता काय करू या?" 'कोणी केलं' हे विचारायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी विचारा. पंधरा दिवस एवढंच करून बघा. ते लगेच बदलणार नाहीत, आधी एखादी छोटी गोष्ट सांगून तुम्हाला तपासतील, खडू संपले, एक पंखा बंद आहे असलं काहीतरी, आणि तुम्ही त्यावर कसे वागता ते सगळी स्टाफरूम बघणार.

स्थलांतराच्या मुलांचं तर हे अजूनच गरजेचं आहे. कोणत्या पाड्यावरची गाडी कोणत्या रात्री निघणार हे त्या पाड्यावर रोज जाणाऱ्या शिक्षकाला आधी कळतं. पट कमी झाला म्हणून आपल्यालाच बोलतील असं त्याला वाटलं तर तो गाडी गेल्यावरच सांगेल. आधी सांगितलं तर आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का, तिकडच्या शाळेत नाव घालता येईल का यासाठी तुम्हाला दोन-चार दिवस तरी मिळतात. एका मुलाचं वर्ष वाचतं सर, म्हणून मी एवढं जीव तोडून लिहितोय.

आणि आता तुमच्याबद्दल. रात्री दहाचे मेसेज ही तुमच्या मनोवृत्तीची अडचण नाही, ती कामाच्या पद्धतीची अडचण आहे आणि ध्यान-प्राणायाम करून ती सुटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या थकव्याचं, म्हणजे बर्नआउटचं वर्णन केलं त्यात तीन गोष्टी धरल्यात, अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडू होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, आणि ते कामाच्या जागेशी जोडलेलं आहे असं स्पष्ट म्हटलंय. म्हणून केंद्रातल्या बाकी मुख्याध्यापकांना घेऊन केंद्रप्रमुखांशी बोला, माहिती संध्याकाळी सहापर्यंत मागवा, त्यानंतरची सकाळी देऊ. एकट्याने म्हटलं तर तक्रार होते, दहा जणांनी म्हटलं तर पद्धत होते. तोवर निदान एवढं करा की दहाचा मेसेज तुम्ही वाचला तरी तो तसाच शिक्षकांच्या ग्रुपवर ढकलू नका, सकाळी टाका. गोळी मात्र चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद तर अजिबातच करू नका.

प्रश्न : जळगावला आमची डाळमिल आहे. सात महिन्यांपूर्वी वडील अचानक गेले, मी पुण्यातली आयटीची नोकरी सोडून आलो. दिवाणजी तीस वर्षांपासून आहेत, हमाल, भट्टीवाले सगळे जुने. प्रत्येक गोष्टीत 'अण्णा असते तर' हेच ऐकू येतं. मला येत नाही असं दिसू नये म्हणून मी सगळं माहीत असल्यासारखं दाखवतो आणि त्यातून तुरीच्या एका सौद्यात मार खाल्ला. आता रात्रभर भावच बघत असतो मोबाईलवर. लोक म्हणतात अझीम प्रेमजींनी पण २१व्या वर्षी कंपनी सांभाळली, तुला काय झालं.

उत्तर : प्रेमजींचं उदाहरण आपल्या भागात हमखास देतात, कारण ती कंपनी, म्हणजे आजची विप्रो, आपल्या अमळनेरची, १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा ते अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते आणि शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं हे खरंच आहे. पण सांगणारे शेवट आधी सांगतात. ती राहिलेली डिग्री पूर्ण करायला त्यांना पुढे तीस वर्षांच्या वर गेली, आणि तूप-साबणाची कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली ती पण बऱ्याच वर्षांनी. तुमचे सात महिने झालेत दादा.

तुमचं पत्र परत वाचलं. अण्णांची आठवण येते असं एकदाही लिहिलेलं नाही. मिल, सौदा, दिवाणजी सगळं आहे. बाप गेल्याचं दुःख बाजूला ठेवून माणूस कामाला लागतो तेव्हा ते दुःख झोपेत शिरतं, लक्ष टिकत नाही, साधा हिशोब चुकतो, आणि मग आपल्याला वाटतं आपली लायकीच नाही. 'अण्णा असते तर' हे तुम्हाला टोमण्यासारखं लागतंय, पण तीस वर्षं सोबत काम केलेल्या दिवाणजींचाही तो माणूस गेलाय. एकदा संध्याकाळी मिल बंद झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि अण्णांच्याच गोष्टी काढा. मला वाटतं त्या तासाभराने जेवढं सुटेल तेवढं दहा मॅनेजमेंटच्या कोर्सने सुटणार नाही.

शिकायचं पण त्यांच्याकडूनच. जुनी माणसं हरभऱ्याचा दाणा दाताखाली फोडून त्यातली ओल सांगतात, त्या आवाजावरून. मशीन आहे तुमच्याकडे, असू द्या, तरी एक दिवस सगळ्यांसमोर त्यांना म्हणा, मला हे येत नाही, शिकवा. मालकाने 'येत नाही' म्हटलं की किंमत कमी होते ही भीती खोटी आहे, तुम्हाला येत नाही हे मिलमधल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा फक्त सगळ्यांचं अवघडलेपण जाईल. वर्षभर तरी मोठा सौदा एकट्याच्या डोक्याने करू नका, दिवाणजींची हो आल्याशिवाय दलालाला शब्द द्यायचा नाही असं स्वतःला बांधून घ्या. मोबाईल रात्री ऑफिसच्या कपाटात ठेवून जा, रात्री दोनला भाव बघून तूर विकता येत नाही.

प्रश्न : साक्री तालुक्यात एका गावाची सरपंच आहे, महिला राखीव जागेवर निवडून आले. सगळं काम मालकच बघतात, मी सही करते. मला स्वतःला करायचंय पण ग्रामसभेत उभी राहिली की आवाज कापतो, दम लागतो, डोकं हलकं होतं. घरी जिना चढला तरी दम लागतो. माझ्यात कॉन्फिडन्सच नाही. मनाची तयारी कशी करू ताई?

उत्तर : तुम्ही ताई म्हणून लिहिलं, हे सदर चालवणारा मी भाऊ आहे, पण तेवढ्याच मायेने सांगतो. जिना चढल्यावर दम लागतो ही ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात आधी दिसली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. दम लागणं, चक्कर, धडधड ही त्याची नेहमीची लक्षणं आहेत. तुम्ही ज्याला कॉन्फिडन्स नाही म्हणताय त्यातला काही भाग हिमोग्लोबिनचा पण असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासा, १२ च्या खाली असेल तर गोळ्या डॉक्टर देतील त्या नेमाने घ्या, चहासोबत घेऊ नका. सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खायचं हे पण आता बंद करा.

मनाच्या तयारीबद्दल सांगायचं तर 'मला जमेल असं रोज आरशासमोर म्हणा' असला सल्ला मी देणार नाही. माणसाची कुवत वाढू शकते असं मानणाऱ्याची प्रगती जास्त होते हा विचार कॅरल ड्वेक यांनी मांडला आणि तो चांगलाच आहे, पण २०१९ मध्ये अमेरिकेत बारा हजारांवर शाळकरी मुलांवर तो तपासला तेव्हा मागे पडलेल्या मुलांना फायदा झाला पण थोडाच झाला, आणि जिथे सोबतची मुलं त्या विचाराला धरून होती तिथे जास्त झाला. म्हणजे नुसतं मन बदलून पुरत नाही, आजूबाजूला साथ पण लागते. ती तुम्हाला तयार करून घ्यावी लागेल आणि कायद्यात तिची सोय आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीच असते, बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. तुम्ही खरीखुरी घ्या, शाळेच्या ओट्यावर, दुपारी तीनला किंवा बाया शेतातून आल्यावर जी सोयीची वेळ असेल तेव्हा. पहिल्यांदा एकच विषय घ्या, पाणी म्हणा किंवा गटार. तिथे बोलून आवाज मोकळा होईल आणि मग मोठ्या ग्रामसभेत उभ्या राहाल तेव्हा समोर दहा-पंधरा जणी अशा असतील ज्यांना विषय माहीत आहे आणि ज्या मागून "बरोबर आहे ताईचं" म्हणतील.

मालकांशी भांडण काढू नका, ते मदत करत आले असतील तर त्यांना तसं म्हणा आणि एक-एक काम आपल्याकडे घ्या. ग्रामसेवकांना सांगा की सभेच्या आठ दिवस आधी विषयपत्रिका आणि जमाखर्च मला घरी नाही, ऑफिसात द्या, मी येते. न कळलेल्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तेवढंच विचारा. आणि पंचायतीचं ऑनलाइन पेमेंट तुमच्या आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनेच होतं, त्या सहीचा जो पेनड्राइव्हसारखा डोंगल असतो तो आत्ता कोणाच्या खिशात आहे ते आज बघा. तो तुमच्या पर्समध्ये पाहिजे, आणि पुढचं पेमेंट होईल तेव्हा कॉम्प्युटरसमोर तुम्ही स्वतः बसलेल्या पाहिजेत.